कशालाशेठ

गिऱ्हाईक दुकानात शिरल्याचं ज्याला मनापासून दुःख होतं, असा दुकानदार मी आयुष्यात एकच पाहिला. पायरीवर माणसाची सावली पडली की दाढ ठणकल्यासारखा त्याचा चेहरा व्हायचा. आपण काय हवं ते सांगायचं आणि त्याने मान वर न करता एकच शब्द टाकायचा, "कशाला?" ही चौकशी नसायची. चौकशीत थोडी तरी उत्सुकता असते. हा "कशाला" म्हणजे तुम्ही, तुमची गरज, तुमची अक्कल आणि तुम्हाला इथे पाठवणारा जो कोणी असेल तो, या सगळ्यांवर मारलेली एकच फुली असायची. पनवेलला उरण नाक्याच्या मागच्या गल्लीत त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. पाटीवर कसलंसं भारदस्त इंग्रजी नाव होतं, पण त्यातली अर्धी अक्षरं उन्हाने उडाली होती. गल्लीत त्याला सगळे कशालाशेठ म्हणत. मी मनातल्या मनात त्याला याहून बरंच काही म्हणत असे.

माणूस काही पाहण्यासारखा नव्हता. साठीच्या आसपासचा, पोट सुटलेला, शर्टाची वरची दोन बटणं कायम उघडी आणि गळ्यात बोटभर जाड सोन्याची साखळी. आजूबाजूला धूळ खात पडलेले मॉनिटर आणि मधोमध ही साखळी, यांचा मेळ मला बरेच दिवस लागला नव्हता. काउंटरवर त्याचा स्वतःचा एक पिवळा पडलेला कॉम्प्युटर होता. जगाला मशीनबद्दल अक्कल शिकवणारा हा गृहस्थ दिवसभर त्या डबड्यावर एकट्याने पत्ते लावत बसायचा आणि हरायचा. मी काउंटरच्या कडेला उभी राहून कित्येकदा पाहिलंय, लाल अठ्ठी डोळ्यांसमोर उघडी पडलेली असायची, आणि हा हातातली काळी सत्ती तिच्यावर ठेवायचा नाही. मी एकदा सांगितलं, तर म्हणाला, "मला दिसतंय." दिसत असून न ठेवण्यात कसला पुरुषार्थ होता, ते त्यालाच ठाऊक.

त्याच्याकडे येणारी मंडळीही फार थोर नव्हती, हे मात्र मान्य करायला हवं. बहुतेक जण इंटरनेटवरचे व्हिडिओ पाहून, सामानाची यादी करून यायचे. कमी पैशात गेम खेळायचा कॉम्प्युटर हवा असायचा, पण प्रोसेसर मात्र यादीत सगळ्यांत वरचा. शेठ चष्मा लावायचा, खिशातलं लाल पेन काढायचा आणि एकेका ओळीवर काट मारत जायचा. मग परीक्षेचा पेपर द्यावा तसा तो कागद परत करायचा. "पण शेठ, पुढची पाच वर्षं तरी बघायला नकोत का?" असं कोणी म्हणालं, तर उत्तर ठरलेलं असायचं. "पाच वर्सांनी तू काय खेळनार, ते आज तुला ठाव हाय?" एकदा एका बापाला मुलासाठी सर्वांत महागडा प्रोसेसर हवा होता. कारण काय, तर मुलाला दहावीला ब्याण्णव टक्के पडले होते. शेठने त्याच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मंग पेढं वाट. प्रोसेसर कशाला?" बाप तणतणत निघून गेला, आणि शेठ सुखाने पुन्हा पत्त्यांत हरायला लागला.

समोरच्या बाजूला काचेचं दुकान उघडलं तेव्हा तर त्याची जीभ आणखीच तिखट झाली. तिथे एसी होता, एकसारखे काळे टी-शर्ट घातलेली मुलं होती, आणि आत शिरलं की "वेलकम मॅम" होतं. कॉम्प्युटरच्या पेट्यांमध्ये लाल, निळे, हिरवे दिवे लुकलुकत असायचे. शेठ पायरीवर उभा राहून तोंडात सुपारी टाकत ते दिवे बघायचा. "लायटिंग गनपतीत लावायची," तो म्हणायचा. त्याचं गिऱ्हाईक रस्ता ओलांडून तिकडे चाललं होतं, आणि ते का चाललंय हे कळण्याइतकीही अक्कल त्याला नव्हती, असं माझं स्पष्ट मत होतं. निदान बोलताना माणसाने समोरच्याकडे बघावं.

मी त्याच्या तावडीत सापडले ती आप्पांमुळे. आप्पा म्हणजे माझे वडील. बत्तीस वर्षं त्यांनी ट्रेलर चालवला. द्रोणागिरीच्या यार्डातून कंटेनर उचलायचा, पळस्पे फाटा मागे टाकायचा आणि घाट चढून पुण्याकडे न्यायचा. बत्तीस वर्षांत गाडी कुठे घासलीसुद्धा नाही, हे ते दिवसातून एकदा तरी ऐकवायचे. मग त्यांना झटका आला. जीव वाचला, पण डावा हात मांडीवर पडून राहिला, तो राहिलाच. आणि बोलणं थांबलं. जीभ अडखळायची म्हणून नव्हे. बोलण्यासारखं काही उरलंच नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं असावं. सुकापूरच्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत ते दिवसभर बसायचे आणि समोरची रहदारी बघायचे.

धाकटा भाऊ नोकरीसाठी परदेशी गेला तेव्हा त्याचा कॉम्प्युटर मागे राहिला होता. काटकसर करून त्याने तो गेम खेळण्यासाठी जोडला होता, आणि टेबलाला पकडून बसणारं एक स्टिअरिंगही होतं. त्यावर ट्रक चालवायचा एक खेळ होता. कुणा हौशी पोरांनी त्यात आपल्या खंडाळ्यासारखा घाटरस्ता बनवून टाकला होता. हाताला व्यायाम म्हणून मी एका रविवारी आप्पांना त्यासमोर बसवलं. पहिले चार दिवस ते एकट्या उजव्या हाताने चालवत होते. पाचव्या दिवशी डावा हात मांडीवरून उठला आणि थरथरत चाकावर जाऊन बसला. आणि आप्पा बोलायला लागले. म्हणजे समोरच्या गाड्यांना शिव्या द्यायला लागले. त्या शिव्या ऐकून मी स्वयंपाकघरात रडले, यात लपवण्यासारखं काही नाही.

पण कॉम्प्युटर जुना. घाटात गर्दी झाली की चित्र मध्येच क्षणभर गोठायचं, आणि पुन्हा हलायला लागेपर्यंत आप्पांचा ट्रक पुढच्या गाडीवर आदळलेला असायचा. पहिल्यांदा झालं तेव्हा त्यांनी गाडी मागे घेऊन पुन्हा काढली. दुसऱ्यांदा माझ्याकडे पाहिलं. तिसऱ्यांदा त्यांनी दोन्ही हात चाकावरून काढले. "मी ठोकली न्हाई," ते म्हणाले, आणि उठून गॅलरीत गेले. मी कितीदा समजावलं की आप्पा, तो खेळ आहे, मशीनची चूक आहे. पण ज्या माणसाने बत्तीस वर्षांत गाडी घासली नाही त्याच्या नावावर तीन अपघात लागले होते. डावा हात पुन्हा मांडीवर जाऊन पडला. मला तो हात परत चाकावर हवा होता. दुसरं काही नको होतं.

ऑफिसातल्या एका सर्वज्ञ सहकाऱ्याने सांगितलं की चित्र अडकतं म्हणजे ग्राफिक कार्ड बदल. इंटरनेटवरही जो तो तेच सांगत होता. मी कशालाशेठच्या दुकानात गेले आणि मोठं कार्ड मागितलं.

"कशाला?"

"वडिलांना गेम खेळायचाय."

तेव्हा कुठे त्याने मान वर केली. "वडलांना?" तो म्हणाला आणि खुदकन हसला. माझ्या डोळ्यांसमोर आप्पांचा तो मांडीवरचा हात आला. मी पायरी उतरले आणि रस्ता ओलांडून काचेच्या दुकानात गेले. तिथे कोणी हसलं नाही. त्यांनी मला मॅम म्हटलं, पाणी दिलं आणि तीन पंख्यांचं, दिवे लागणारं कार्ड दिलं. घरी आल्यावर ते बसवलं. आता डोंगरावरच्या झाडांचं पानन् पान दिसायला लागलं. मी कशीबशी मनधरणी करून आप्पांना खुर्चीत बसवलं, आणि त्यांचा ट्रक त्याच वळणावर, पूर्वीपेक्षा पुष्कळ स्वच्छ चित्रात, पुढच्या टँकरवर आदळला.

चार दिवसांनी मी नाक मुठीत धरून पुन्हा शेठकडे गेले. मी समोरून कार्ड नेलेलं त्याने पाहिलं होतंच. त्याने ते बोलून दाखवलं असतं तर परवडलं असतं. तो फक्त समोरच्या काचेकडे पाहून हसला. मग पत्ते बाजूला न सारताच म्हणाला, "अडकतं कवा? डोंगर आला का, का गाड्या आल्या का?"

मला ठाऊक नव्हतं.

"घरी जावा. म्हाताऱ्याला विचारा. चालवतो तो, तुमी नाय."

माझ्या वडिलांना म्हातारा म्हणणारा हा कोण, या विचाराने मी रिक्षात बसून धुमसत घरी आले. आप्पा गॅलरीत होते. मी विचारलं. त्यांनी रस्त्यावरची नजर काढली नाही, पण कितीतरी दिवसांनी एक सबंध वाक्य त्यांच्या तोंडून निघालं. "गाड्या आल्या की. मोकळ्या रस्त्याला लोण्यावानी पळती." त्यांना हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ऑफिसातला सर्वज्ञ, इंटरनेटवरचे पंडित, काचेच्या दुकानातली पोरं आणि मी, आमच्यापैकी एकालाही त्यांना विचारावंसं वाटलं नव्हतं. तो प्रश्न सुचला होता त्या सुपारी चघळणाऱ्या उद्धट माणसाला, आणि याचा मला भयंकर राग आला.

दुसऱ्या दिवशी मी निरोप पोचवला. शेठने मान डोलावली. "मंग डोळं चांगलं हाय मशीनचं, डोकं कमी पडतंय. डोंगर दाखवायचा, झाडं दाखवायची, ते काम कार्डाचं. पन वीस गाड्या कुठं वळनार, कोन कवा ब्रेक मारनार, हे सगळं ठरवतो प्रोसेसर. तो बदलायचा. आनि लई वरचा नको. तुमच्या पेटीतल्या बोर्डात बसंल असा, थोडा पुढच्या पिढीचा." माझ्याच कागदाच्या पाठीवर त्याने एक नंबर लिहिला. आठवड्याने माल येईल म्हणाला. आणि वर जोडलं, "जुना टाकू नका." मी निघाले तर पुन्हा, "जुना टाकू नका हां." पायरी उतरत होते तरी तिसऱ्यांदा तेच.

इथे मी शहाणपणा केला. तीनतीनदा सांगतोय म्हणजे जुन्या प्रोसेसरवर याचा डोळा आहे, हे मी ओळखलं. मला बरोब्बर कळलं, असं मला वाटलं. त्याने लिहून दिलेला नंबर टाकून मी तो प्रोसेसर घरबसल्या मागवला. दोन दिवसांत आला. शनिवारी सकाळी मोबाइलवर व्हिडिओ लावून मी स्वतः पेटी उघडली. वरचा पंखा ओढला तर त्याला चिकटून जुना प्रोसेसरही बाहेर आला, पण त्याने मी डगमगले नाही. नवा बसवला. जुना विकायला काढल्याचं मोबाइलवर टाकलं होतंच. खांदा कॉलनीतले एक गृहस्थ स्कूटरवरून आले आणि घेऊन गेले. कशालाशेठची कशी जिरवली, या आनंदात मी बटण दाबलं.

पंखे फिरले. कार्डावरचे तिन्ही रंगांचे दिवे झकास लागले. पडदा मात्र काळाच. मी बंद केला, चालू केला, तारा काढल्या, घातल्या. काळा. आणि मागे खुर्चीत आप्पा बसले होते. नवा प्रोसेसर येणार म्हणून ते सकाळीच आंघोळ करून, केस विंचरून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. एक वाजेपर्यंत त्यांनी वाट पाहिली. मग उजव्या हाताने खुर्चीचा आधार घेऊन उठले आणि गॅलरीत गेले. त्या दिवशी मला माझी स्वतःची जितकी शिसारी आली, तितकी कशालाशेठचीही कधी आली नव्हती.

तिसऱ्या प्रहरी पेटी रिक्षात घालून मी दुकानात नेली. शेठने पेटी उघडली, नव्या प्रोसेसरवर, तो तापू नये म्हणून, मी थापलेली पेस्ट बघून "ह्ये काय, भाकरीवर लोनी?" असं म्हणाला, आणि विचारलं, "जुना कुठं हाय?"

"विकला."

पत्त्यांचा डाव अर्धा टाकून शेठ उठलेला मी त्या दिवशी प्रथम पाहिला. तो इतका हसला की त्याला ठसका लागला. मग डोळे पुसत त्याने मला समजावलं, आणि त्या क्षणापासून तो मला अरे-तुरे करायला लागला. "बोर्ड तुझा जुना. त्याला या नव्याची वळख नाय. आधी जुना प्रोसेसर बसवून, मशीन चालू करून, बोर्डाला शिकवायचं का बाबा, असा असा नवा येनार हाय. मंगच नव्याला आत घ्यायचा. घरात नवी सून आली का तिला घर कोन दाखवतं? सासू. आनि तू तर सून आनायच्या आधी सासूच विकून आली!" एवढ्यावर थांबेल तो शेठ कसला. त्याने पायरीवर जाऊन शेजारच्या चहावाल्याला हाक मारली. "अरं ऐकलं काय, या ताईनी सासू विकली!" माझं लग्न झालेलं नाही, हे सांगण्यात काहीच अर्थ नव्हता. त्या गल्लीत मी कायमची सासू विकणारी ताई झाले.

मग त्याने काउंटरखालून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढला. आत वर्तमानपत्राच्या तुकड्यांत गुंडाळलेले जुने प्रोसेसर होते, पंचवीस-तीस तरी असतील. लोक नवा घेतात आणि जुना दुकानातच टाकून जातात, ते सगळे. प्रत्येक पुडीवर कोणाचा होता त्याचं नाव लिहिलेलं. जगाला कशाला विचारणारा हा माणूस स्वतः एवढा भंगार कशाला जपून ठेवतो, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्यातलाच एक, आमच्या विकलेल्या सासूच्या गोतातला, त्याने शोधून काढला, बसवला, पेन ड्राइव्ह लावला आणि बोर्डाला त्याचा धडा शिकवला. सासू काढली, सून घातली. पडदा उजळला. मी पेटी उचलायला पुढे झाले तर त्याने हात आडवा घातला. "उद्या मी घेऊन येतो. मला म्हाताऱ्याला बगायचाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो खरंच आला. पेटी जमिनीवर ठेवली आणि चपला न काढता थेट गॅलरीत गेला. आप्पांकडे बघितलंही नाही. खाली आमच्या सोसायटीच्या पार्किंगकडे बोट दाखवून म्हणाला, "तिथं आमचं खळं होतं. ती पानी सोडायची टाकी हाय ना, तिथवर भात." तेव्हा ती सोन्याची साखळी कुठून आली ते मला कळलं. जमिनीचे पैसे आले, भावांनी गाड्या घेतल्या, याने साखळी आणि दुकान घेतलं. सासूची जखम माझ्या मनात ताजी होती. इतकी नामी संधी पुन्हा मिळाली नसती. मी विचारलं, "मग विकलंत कशाला?"

तो गॅलरीच्या गजाला हात लावून तसाच उभा राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, "पानी दे जरा." माझा बाण बरोबर लागला होता, आणि तेव्हा मला त्याचं वाईट वाटलं नाही. वाईट वाटायला बराच काळ जावा लागला.

आप्पांनी गाडी काढली. शेठ पलंगाच्या कडेवर बसला. मोकळा रस्ता संपला, घाट आला, आणि गाड्या यायला लागल्या. टँकर, बस, मध्येच घुसणाऱ्या छोट्या गाड्या. चित्र कुठे अडलं नाही. दुसऱ्या वळणावर आप्पांचा डावा हात मांडीवरून उठला आणि चाकावर आला. एका बसने कट मारला तशी त्यांनी ड्रायव्हरच्या आईबापांची सविस्तर विचारपूस केली. शेठ मोठ्याने हसला. घाट उतरून आप्पांनी गाडी यार्डात नेली, मागे घेऊन रांगेत लावली, पुढची चाकं सरळ केली, हँडब्रेक ओढला आणि इंजिन बंद केलं. खेळात यातल्या निम्म्या गोष्टींची गरज नसते. ते शेठकडे वळले. "बसा. चालवा."

"कशाला?" शेठ म्हणाला.

आप्पा अर्ध्या ओठाने हसले. झटक्यानंतर त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहत होते. शेठने आपली मजुरी घेतली, चहा प्यायला, चहात साखर कमी होती हे सांगितलं आणि गेला. आभार मानायला मी दारापर्यंत गेले, तर तो लिफ्टच्या आरशात साखळी सारखी करत होता.

त्यानंतर मी त्या गल्लीतून कधीही गेले तरी आतून आवाज यायचा, "म्हाताऱ्यानी ठोकली काय?" मी म्हणायची, "नाही." आतून, "मंग झालं." एवढंच आमचं संभाषण. याहून जास्त बोलण्याची त्याची लायकी नाही, असं मी स्वतःला बजावत असे. पण आप्पा मात्र संध्याकाळी गाडी लावली की मला सांगायचे, "शेठला म्हनावं, आज बी न्हाई ठोकली." दीड वर्ष हा निरोप मी इमाने इतबारे पोचवला.

दुसरा झटका आला तो आप्पांना घेऊनच गेला. भाऊ आला, दिवसकार्य झालं, भाऊ परत गेला. घरात मी आणि ते टेबलाला लावलेलं स्टिअरिंग उरलो. मला तिकडे बघवेना. एका दुपारी मी पेटी उचलली, रिक्षात घातली आणि शेठच्या काउंटरवर नेऊन ठेवली. काचेच्या दुकानात का नेली नाही, ते मला सांगता येणार नाही.

बातमी त्याला कळली होती. त्याने दोन शब्द सांत्वनाचे काढले नाहीत. बसा म्हणाला नाही. पत्त्यांवरची नजर न काढता विचारलं, "काय?"

"हे विकायचंय."

"कशाला?"

माझ्याकडे उत्तरं तयार होती. जागा अडते. धूळ बसते. आता खेळणारं कोणी नाही. घरून निघाल्यापासून मी ती घोकत आले होते. त्यातलं एकही तोंडातून बाहेर पडेना. शेठने पेटीला आपला मॉनिटर जोडला आणि बटण दाबलं. खेळ उघडला. घाटाखालच्या यार्डात आप्पांचा ट्रक उभा होता. रांगेत, मागे घेऊन लावलेला. पुढची चाकं सरळ. हँडब्रेक ओढलेला.

शेठने चष्मा लावून पुन्हा पाहिलं.

"गाडी नीट लावून गेला म्हातारा," तो म्हणाला.

मग त्याने मशीन बंद केलं, पेटी उघडून ब्रशने धूळ काढली, झाकण लावलं, तार गुंडाळून वर ठेवली. "घरी ने. आनि दारात रडू नको, गिऱ्हाईक बिचकतं." गल्लीत त्या वेळी चिटपाखरू नव्हतं. आणि गिऱ्हाईक तर त्या दुकानाला वर्षभरात उरलंच नव्हतं. पण मी डोळे पुसले आणि पेटी घरी आणली. ती अजून तिथेच आहे.

मध्यंतरी ऑफिसच्या कामामुळे चार-पाच महिने माझं तिकडे जाणं झालं नाही. गेले तेव्हा त्या जागी मोबाइलची कव्हरं लटकत होती. पाटी नवी, आत दिवे. मी शेजारच्या चहावाल्याला विचारलं, कशालाशेठ कुठे आहे म्हणून. त्याने मला ओळखलं, सासू विकणारी ताई म्हणून. शेठ गावाकडच्या घरी असतो, म्हणाला. "दुकान विकलं ना त्यांनी."

"कशाला?" मी म्हटलं.

चहावाला हसायला लागला. मी शेठची नक्कल करतेय असं त्याला वाटलं.